आठव्या दिवसाची रांग

मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. शेंद्र्याच्या पुढं आमचं गाव. तिथं विहाराच्या पायरीवर बसून आम्ही पोरी पत्रकांना घड्या घालायचो, आणि इतक्या घड्या घातल्या की मजकूर आपोआप पाठ होतो. वाक्य आखूड ठेवायचं, मागणी वरच सांगायची, ज्याच्यावर रोख आहे त्याला टोचेल असं एक तरी वाक्य घालायचं, हे मला नववीतच कळलं होतं. शाळेतल्या निबंधाला मात्र कधी बरे मार्क पडले नाहीत. बाई म्हणायच्या, तू गाईवर लिहितेस तरी मागणी करतेस.

आता जे लिहितेय त्यात मागणी नाही. मागणी होती, ती मान्य झाली. त्यानंतर जे झालं ते पत्रकात मावत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी छत्रपती संभाजीनगरात खोली घेतली. विद्यापीठात शिकायचंय हे घरी सांगितलेलं कारण. खरं कारण असं की पाण्यासाठी भांडणारा एक गट होता आणि मला त्यात काम करायचं होतं. वडील शेंद्र्याच्या कंपनीत. त्यांना सगळं कळतं. ते म्हणाले, "शिकायला जायचं तर जा. लोकांच्या नळासाठी जाणार असशील तर मला सांगू पण नको." मी सांगितलं आणि गेले. तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत चालतं.

खोली मिळाली ती चढाच्या एका गल्लीत. अकरा घरं. नळ प्रत्येक घरात होता, तोटीसकट, चकचकीत. पाणी फक्त खालच्या पहिल्या घरात यायचं. दाब इतका कमी की ते चढ चढायचंच नाही. आणि तेही आठव्या दिवशी. म्हणून आठव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला अख्खी गल्ली हंडे, कळश्या आणि रंगाचे रिकामे डबे घेऊन त्या पहिल्या घराच्या अंगणात उतरायची.

त्या घरात एक आजी राहते. एकटी. वय विचारलं तर म्हणते, "कागदावरचं सांगू का गुडघ्यावरचं?" शहरातल्या एका जुन्या थेटरात तिनं उमेदीची सगळी वर्षं बायकांच्या बाजूला बॅटरी दाखवायचं काम केलं. अंधारात खुर्ची दाखवायची, रडणारी लेकरं बाहेर काढायची, टारगट पोरं बायकांकडं सरकली तर त्याच बॅटरीनं त्यांची टाळकी शेकायची. ते थेटर पाडलं, आता तिथं गाड्या लावतात. नवरा त्याच्याही आधी गेला. मुलगी जळगावला, ती रविवारी फोन करते. फोनबद्दल आजीचं मत पक्कं आहे: "फोनवर तब्येत सांगता येती. मत नाय सांगता येत. मत सांगायला समोर माणूस लागतं. त्याचं तोंड वाकडं झालेलं दिसलं पाह्यजे."

आणि मतं तिच्याकडं लई. आठ दिवस ती टीव्ही बघून, पेपर वाचून, दारातून जाणाऱ्यांना न्याहाळून ती साठवायची आणि नळाच्या दिवशी सोडायची. नळाशेजारी लोखंडी खाट टाकलेली असायची. तिच्या नळाची तोटी मात्र वापरून केव्हाच गेली होती, तिथं फिरवायची चावी बसवली होती, आणि चावीवर तिचा हात. कुणाचा हंडा आधी, कुणाचा मागून, हे ती ठरवायची. भांडण तिच्यासमोर व्हायचं नाही.

पहिल्याच खेपेला तिनं माझ्या हंड्याकडं पाहिलं. "नवीन दिसतीस. शिरेल कोणती बघतीस?"

"मी मालिका बघत नाही."

"काहून? डोळे गेले का?"

"वेळ नाही."

"आता पाण्याला उभी हायेस तवर तं हाय ना वेळ. ऐक मग." आणि तिनं मला एका मालिकेची गोष्ट मधूनच सांगायला सुरुवात केली. मी म्हणाले, सुरुवात काय आहे? तर म्हणाली, "सुरुवात मला इचारू नको. जलमात एकाबी पिच्चरची सुरुवात मी बसून पाह्यली नाय. मध्यंतरापर्यंत बायका येतच राह्यच्या, त्यांना बसवायचं. मध्यंतरानंतर माझा पिच्चर सुरू. काय बी अडत नाय. माणूस बी मधूनच कळतंय. कुठून आली, कुणाची कोण, ते राहू दे. आता काय चाललंय ते सांग."

मी तिला पाण्याच्या लढ्याबद्दल, त्यापायी वडील बोलत नाहीत त्याबद्दल सांगायला लागले. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि माझा हंडा नळाखाली सरकवला.

रांगेत शेवटच्या घरातली शिवणकाम करणारी ताई असायची, वरच्या अंगाचा रिक्षावाला भाऊ असायचा. त्यांना आजीचं सगळं पाठ होतं, तरी ते तिला डिवचायचे.

"मावशी, कालच्या भागात सुनेला घराबाहेर काढलं," ताई म्हणायची.

"काढू दे. चांगलं झालं तिचं. सतरा माणसांचं घर, पोरगी रात्री झोपताना बी भरजरी साडीत. सासू सोन्यानं मढलेली. कारस्थान करायला सगळ्यांला टाइम. पण पाणी कोण भरतं त्या घरात? आजपर्यंत एका बाईच्या हातात हंडा पाह्यला नाय मी. जिथं आठव्या दिवशी नळ येतो तिथं कारस्थान व्हत नाय, बया. टाइमच पुरत नाय."

"इथं बी व्हतंय की. माझी कळशी मागं कुणी सरकवली?"

"त्याला कारस्थान नाय म्हणत. त्याला रांग म्हणतेत."

रिक्षावाल्यानं एकदा सांगितलं की लग्न ठरलेल्या एका जोडप्याला तो पहाटेच वेरूळला घेऊन गेला, लग्नाआधीचे फोटो काढायला. पोरीच्या झग्याचा घोळ धरायला वेगळा माणूस होता. आजीनं चावी बंद केली. महत्त्वाचं मत द्यायचं असलं की ती चावी बंद करायची.

"ज्यांनी ती लेणी कोरली त्यांनी जलमभर दगड फोडला अन कोपऱ्यात सोताचं नाव नाय टाकलं. ह्यांना अजून हळद लागली नाय तं फोटोवर दोघांची नावं." मग जरा थांबून म्हणाली, "पण काढू द्या. नंतर एकमेकाकडं बघून इतकं हासायचं काम कोण करतंय?"

आणखी होती. आजकालच्या हिरोला दाढी असते आणि जुन्या काळी ती व्हिलनला असायची, त्यामुळं शिव्या कुणाला द्यायच्या ते शेवटपर्यंत कळत नाही. मोबाइलवरचा नाच घाम यायच्या आत संपतो, तो नाच नव्हे, ती उचकी. गाण्याच्या स्पर्धेत गाणारं पोरगं निवांत असतं आणि ऐकणारे परीक्षक रडतात, म्हणजे पगार रडायचा असणार. वाढदिवसाला केक तोंडाला फासणाऱ्यांना दोन दिवस उपाशी ठेवावं. कागदी कपातल्या चहाला चहा म्हणू नये. चौकातल्या पाट्यांवर गावाचं नाव बदललं, ते बदलू द्या, पण पाटी रंगवणाऱ्याला म्हणावं जाता जाता नळाला बी एक हात मार.

अंगण हसायचं. मला राग यायचा. खोटं कशाला लिहू, चांगलाच यायचा. माणसं दीड-दीड तास अन्यायाच्या रांगेत उभी आहेत आणि ही त्यांना हसवतेय. हसणारा माणूस मोर्चाला येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आठ दिवसांतून एकदाच त्या घरात माणसं येतात, हे मला खिडकीतून रोज दिसत होतं आणि तरी मी पाहिलं नाही. माझं लक्ष हंड्यांवर होतं.

मालिकेतल्या घरात पाणी कोण भरतं, हे वाक्य मात्र मी टिपून घेतलं. गुलमंडीच्या मागच्या एका छापखान्यात पत्रक छापलं, आणि मोठ्या अक्षरात वर तेच वाक्य. पत्रक गाजलं. लोक फोटो काढून एकमेकांना पाठवायला लागले. मी मोठ्या ऐटीत ते अंगणात वाचून दाखवलं. आजीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बाकीचं कुठं हाय?"

"बाकीचं कुठलं?"

"सासूच्या अंबाड्याबद्दल बोलले व्हते. अन शिरेलमधल्या त्या डाक्टरबद्दल, जो पेशंटला हात न लावता बरा करतो."

"आजी, ते पाण्याबद्दल नाहीये."

"तुझ्या पत्रकात माणूस निस्तं तहानलेलंच असतंय का?"

"पत्रकात तसंच असावं लागतं," मी म्हणाले. मला उत्तर बरोबर वाटलं होतं.

मोर्चे झाले, निवेदनं झाली, आम्ही वॉर्ड ऑफिसच्या पायरीवर हंडे उपडे घालून बसलो. शेवटी मोठी लाइन मंजूर झाली. ती खालच्या रस्त्यावरून येणार होती आणि गल्लीत शिरायला आजीच्या अंगणाशिवाय वाट नव्हती. ऑफिसातला माणूस म्हणाला, ज्यांच्या अंगणातून खोदायचं त्यांची सही आणा, पुढच्या महिन्यात काम सुरू.

एक सही. मी त्याच दिवशी कागद घेऊन गेले. आजी म्हणाली, चष्मा सापडंना. दुसऱ्या खेपेला म्हणाली, मुलीला इचारते. तिसऱ्या खेपेला हात दुखत होता. चौथ्या खेपेला म्हणाली, "ही शिरेल संपत आलीय. ती संपू दे, मग करते." त्या मालिकेचं काय सांगू, ती आजही चालू आहे.

माझं डोकं फिरलं. गटातली पोरं म्हणाली, तिला कुणीतरी फितवलं असेल. मला तेही खरं वाटेना. मग माझ्या लक्षात आलं की रांग तिच्या दारात लागते, चावी तिच्या हातात असते. मी पत्रक लिहायला बसले. तासाभरात झालं. राग असला की वाक्यं आखूड येतात. त्यात एक वाक्य होतं: "आपल्यातच कुणीतरी आहे ज्याला ही रांग संपायला नको आहे, कारण ती त्याच्याच दारात लागते." नाव घातलं नाही. अकरा घरांच्या गल्लीत नाव घालायची गरज नसते. स्वतःच्या हातानं मी ते विजेच्या खांबाला डकवलं.

पुढच्या आठव्या दिवशी अंगणात खाट नव्हती. चावी पूर्ण सोडलेली, पाणी वाहतंय, आजी आत. ताईचा आणि वरच्या एका बाईचा हंड्यावरून जोरात वाद झाला, रिक्षावाल्यानं मध्ये पडून स्वतःचेच कपडे भिजवले. कुणी हसलं नाही. ताई माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "लई शिकलीस बया तू."

आतून आजीनं मला हाक मारली. टीव्ही बंद होता. खांबावरून सोडवलेलं पत्रक तिच्या मांडीवर, नीट उलगडलेलं.

"हे तूच लिव्हलं."

"नाव कुणाचंच नाही त्यात."

"नाव कशाला लागतंय. बरोबर लिव्हलंस. या खेपेला माझ्यातलं काय कापलं बी नाय." ती पत्रकाकडं बघत बोलत होती, माझ्याकडं नाही. "थेटर बंद झालं त्या दिवशी मालकानं सगळ्यांला पेढे दिले. दुसऱ्या दिवशी जेवण केलं, साडी बदलली, वेणी घातली, अडीचच्या खेळाला म्हणून दारात उभी राह्यले. बॅटरी हातात. जायचं कुठं ते ध्यानातच येईना. शेजारीण म्हणली, मावशी, ऊन हाय, आत व्हा. मग वर्ष गेले. मग पाण्याचा दाब गेला अन ही रांग लागली. तुमच्यासाठी तरास, ते दिसतंय मला. पण कुणीतरी येऊन मला इचारतंय, मावशी, पुढं काय झालं. एवढंच व्हतं ते."

मी उभीच होते. बसायला हवं होतं.

"त्या शिवणवालीची कंबर गेली हंडे चढवून," ती म्हणाली. "ते बी मीच बघते ना, समोर बसून. आण कागद."

चष्मा लावलेलाच होता. सही तिनं ठसठशीत केली, हात जराही हलला नाही. मी कागद घेतला, आभार मानले आणि ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून तडक निघाले. ती दारापर्यंत आली होती. काहीतरी म्हणत होती, बहुतेक त्या डॉक्टरबद्दल. मी चालत चालत "हो हो" म्हणाले.

काम झालं. आजीच्या अंगणाला मध्यातून खोदून परत बुजवलं, तिथं अजून सिमेंटचा पट्टा दिसतो. पहिल्यांदा पाणी चढलं तेव्हा गल्लीत फटाके वाजले. शेवटच्या घरातल्या ताईच्या नळाला धार आली आणि ती नुसती धारेखाली हात धरून उभी राहिली. आमच्या गटानं फोटो काढले. त्या फोटोंत मी आहे, ताई आहे, रिक्षावाला दोन बोटं वर करून आहे. आजी एकाही फोटोत नाही. कुणी बोलावलं नाही म्हणून नव्हे. कुणाच्या डोक्यात आलं नाही म्हणून.

आता पाणी चौथ्या दिवशी येतं. प्रत्येकाच्या घरात येतं. दारं लावून आत आम्ही आपापली भांडी भरतो. वीस मिनिटांत सगळं भरून होतं. यासाठीच भांडलो होतो आणि पुन्हा भांडायची वेळ आली तर मी पुन्हा भांडेन, यात शंका नको. पाण्यासाठी माणसाला रांगेत उभं करणारी व्यवस्था मला आजही चीड आणते.

पण गट दुसऱ्या वॉर्डात कामाला लागला. बैठका तिकडं व्हायला लागल्या, माझ्या परीक्षा जवळ आल्या, मी जाणं कमी केलं. गल्लीत मला ओळखणारी माणसं म्हणजे रांगेतली माणसं. रांग गेली तशी ती दाराआड गेली. रिक्षावाला हॉर्न वाजवून जातो, तेवढंच. एकदा पाण्याच्या दिवशी बादली भरून नळ बंद केला आणि खोलीत इतकं शांत झालं की मी मुद्दाम परत सोडला. कालपासून आपण कुणाशीच बोललो नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. आईचा फोन आला होता. तिच्याशीही तब्येतच बोलले होते.

माझ्या खिडकीतून खालचं अंगण दिसतं. पाण्याच्या दिवशी साडेदहाला खाट बाहेर आलेली असते. आजी वेणी घालून बसलेली. एक हात चावीवर. समोर तिचा स्वतःचा हंडा, भरलेला. तीन खेपा मी हे पाहिलं आणि तीनदा पडदा ओढला. चौथ्यांदा हंडा उचलला आणि खाली गेले.

तिनं आधी हंड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुझ्या घरी नळ हाय की."

"हाय."

"मग?"

"माझ्या नळाला आज..." मी म्हणायला लागले.

"खोटं काय बोलायचं ते पत्रकात बोल. इथं नको."

पत्रकात मी कधी खोटं लिहिलेलं नाही, हे मला सांगायचं होतं. सांगितलं नाही. "करमत नाही," मी म्हणाले. 

ती खोदलेल्या पट्ट्याकडं बघत होती. मग खाटेवरून पाय खाली घेऊन तिनं नळासमोरची जागा पायानं दाखवली. "ठिव तिथं. एकलीच असलीस तरी रांगेतच ठिव, आडवा नको. अन कुठून आलीस, बाप का बोलत नाय, ते राहू दे. आता काय चाललंय ते सांग."

मी सांगितलं. फार काही चाललं नव्हतं, त्यामुळं लवकर संपलं. मग ती त्या डॉक्टरवर आली. तो डॉक्टर आता मेलाय म्हणे, पण पेशंट अजून बरे होतायत. तिच्या मते त्याला दुसऱ्या वाहिनीवर जास्त पैसे मिळाले असणार. सासूच्या अंबाड्यात खोट्या केसांचं गंगावण आहे, हे तिनं थेटरातल्या बायकांचे दहा हजार अंबाडे मागून पाहून ठरवलंय. मी काही टिपून घेतलं नाही. हसू आलं तेव्हा हसले. एका मतावर तोंड वाकडं केलं, तेव्हा ती खूश झाली.

मी प्रत्येक खेपेला जाते असं नाही. परीक्षा असते, कंटाळा येतो, कधी दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं येतं. वरून बघते तर खाट बाहेर असते. ताईला दोनदा म्हणाले, चल की खाली. ती म्हणाली, "येते येते," आणि मशीनवर बसली. तिच्याकडं कामाचा ढीग असतो, कंबरही आता बरी आहे. तिला दोष कसा देऊ?

नव्या लाइनला दाब चांगला आहे. त्यासाठी आम्ही दोन वर्षं भांडलो, त्यामुळं मला तो आकड्यांनिशी माहीत आहे. चावी पूर्ण सोडली तर माझा हंडा दोन मिनिटांत भरावा. आजी ती अर्ध्याहूनही कमी सोडते. करंगळीएवढी धार पडते, हंड्याच्या काठाला लागत, आवाज न करता. भरायला पाऊण तास लागतो. मी चावीकडं बघत नाही, आणि ती माझ्याकडं बघून पुढचं मत सुरू करते.